तीन आठवड्यांचं मौन

नागपूरकरांच्या बोलण्यात शहरातली दोन मोठी सरकारी रुग्णालयं म्हणजे 'मेयो' आणि 'मेडिकल'. मेयो जुनं, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या नावाचं. मेडिकल म्हणजे १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. "मेडिकलला नेलं" एवढं कानावर पडलं, की विदर्भातल्या कुठल्याही गावात ऐकणारा पुढे विचारतो, "काहून, काय झालं?"

अशा रुग्णालयात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरच्या ओळखीचा एक प्रसंग आहे. खेड्यातून एक तरुण बाई येते. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो. घरच्यांना वाटतं, दिवस भरत आले की असं व्हायचंच. डॉक्टर तिला डाव्या कुशीवर वळवून छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवतात. दूरवरून मालगाडी जावी तशी एक खोल घरघर कानात येते. मग ते सोबत आलेल्या आईकडे वळतात आणि बाळंतपणाशी काहीच संबंध नसलेला प्रश्न विचारतात. लहानपणी हिचे सांधे सुजले होते का?

आईला आठवतं. "चौथीत होती तवा गुडघे सुजले होते जी. पंधरा दिवस खाटेवरच होती. मग झाली बरी." आणि त्याच्या आधी घसा दुखला होता का? यावर आई गोंधळते. "घसा तर सगळ्याच पोराइचा दुखते जी."

आईचं उत्तर खरं आहे, आणि संधिवातज्वर या रोगाचा सगळा इतिहास त्याच उत्तरात अडकलेला आहे. घसा सगळ्यांचाच दुखतो. चार-पाच दिवसांत बरा होतो आणि विसरला जातो. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवडे काहीही होत नाही. मूल शाळेत जातं, खेळतं, जेवतं. मग एके दिवशी गुडघा सुजतो, तो उतरतो न उतरतो तोच घोटा, मग कोपर. सांध्यांची सूजही जाते. आतली हृदयाची झडप मात्र जखमी होऊन राहते आणि दहा-पंधरा वर्षांनी, पोटातल्या बाळासाठी हृदयाला जास्तीचं रक्त खेळवावं लागतं तेव्हा, ती झडप पुरी पडत नाही. घशापासून हृदयापर्यंतचं अंतर वीतभर असेल. मधल्या त्या तीन आठवड्यांच्या मौनामुळे ते ओलांडायला वैद्यकाला शतकं लागली.

या घसादुखीचा कर्ता स्ट्रेप्टोकोकस पायोजिनस नावाचा जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. एकामागे एक गोल मणी, कधी चार, कधी वीस. ५ ते १५ वर्षांच्या मुलांवर त्याचा विशेष डोळा. शिंकेतून, खोकल्यातून, एकाच गादीवर झोपणाऱ्या भावंडांतून तो पसरतो. घशात शिरला की दोन ते पाच दिवसांत ताप चढतो, गिळताना कळ येते, टॉन्सिल लाल होऊन त्यांवर पांढरे ठिपके उमटतात, जबड्याखाली दुखऱ्या गाठी येतात. आणखी एक खूण आहे, ती म्हणजे सर्दी-खोकला नसणं. नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल, तर ती घसादुखी बहुधा विषाणूची असते आणि तिला जिवाणूविरोधी औषधाचा काडीचाही उपयोग नसतो. मुलांच्या दर दहा घसादुखींपैकी दोन-तीनच या माळेवाल्या जिवाणूच्या असतात.

आपल्या जुन्या वैद्यकात या दुखण्याचं वर्णन आहे, आणि तेही कापसाच्या मुलखाला चटकन पटावं असं. टॉन्सिलच्या सुजेला आयुर्वेदात तुंडिकेरी म्हणतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, कंठात जबड्याच्या सांध्यापाशी येणाऱ्या या कठीण सुजेला कापसाच्या बोंडाची उपमा दिलेली आहे. यवतमाळ-वर्ध्याच्या शेतात न फुटलेलं टणक बोंड हातात घेतलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. आता दुसरा ग्रंथ पाहावा. माधवनिदानात आमवाताचं वर्णन येतं. सुजलेले सांधे, विंचू डसल्यासारखी वेदना, आणि वाढलेल्या रोगाच्या लक्षणांत हृदय आखडल्यासारखं होणंही. आमवात म्हणजे नेमका आजचा संधिवातज्वर, असं म्हणता येणार नाही, त्या एका नावाखाली सांध्यांचे अनेक रोग येतात. पण सांधे आणि हृदय यांना एका ओळीत बसवणारी नजर तिथे आहे. घसा मात्र वेगळ्याच प्रकरणात राहिला. मुखरोगांचं प्रकरण एकीकडे, सांध्यांचं दुसरीकडे.

युरोपातही तेच झालं. १८१२ मध्ये लंडनच्या विल्यम वेल्स यांनी सांधेदुखीच्या रुग्णांत हृदयरोग दिसतो हे नोंदवलं. १८३६ मध्ये पॅरिसच्या ज्याँ-बातिस्त बुइयो यांनी ते ठासून मांडलं. घशाची आठवण कोणाला फारशी झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही इंग्रज डॉक्टरांना संशय आला, पण पुरावा हाती नव्हता.

माळेचा हा जिवाणू पहिल्यांदा ओळखीचा झाला तो घशामुळे नव्हे, बाळंतिणींच्या मृत्यूंमुळे.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने एक नियम केला. शवविच्छेदन करून आलेल्या विद्यार्थ्यांनी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावायचा नाही. सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने उतरली. हातावरून नेमकं काय जात होतं हे सेमेलवाइसना दाखवता आलं नाही आणि वरिष्ठांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. १८७४ मध्ये व्हिएन्नातलेच शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी जखमांतल्या पुवात या माळा पाहिल्या आणि ग्रीक शब्दांतून त्यांना नाव दिलं. मार्च १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय अकादमीत एक वक्ता सूतिकाज्वराची कारणं सांगत होता. लुई पाश्चर यांनी त्याला मध्येच थांबवलं आणि फळ्यावर खडूने मण्यांची माळ काढून दाखवली. बाळंतिणींना मारणारा जिवाणू तो हाच.

सेमेलवाइस हात धुवायला सांगत होते तेव्हा नागपुरात तिसऱ्या रघुजी भोसल्यांचं राज्य होतं. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुइणीच्या हाती, शेगडीच्या धुरात व्हायचं. त्या खोलीत किती बायका तापाने गेल्या याची वही कुणी ठेवली नाही. बाळंतरोग हा शब्द तेवढा घराघरांत उरला. पुढे लेडी डफरिन फंडाच्या काळात बायकांसाठी वेगळी रुग्णालयं निघाली. नागपूरचं डागा रुग्णालय त्याच परंपरेतलं. पण घरातल्या बाळंतपणाच्या प्रश्नाला थेट हात घातला तो १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी. कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या आणि परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्यासोबत नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. प्रशिक्षित हात, उकळलेली साधनं, स्वच्छ चादर, उजेडाची खोली, हीच त्या कामाची पुंजी. सल्फा नाही, पेनिसिलिन नाही, अशा काळातलं हे काम आहे. तापलेल्या बाळंतिणीला वाचवणारं औषध जगात कुठेच नव्हतं, तिला ताप येऊच नये एवढंच करता येत होतं. संघाच्या शाखा पुढे विदर्भभर आणि बाहेरही पसरल्या, १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. जिवाणूशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचं नाव सापडणार नाही. पण माळेच्या या जिवाणूविरुद्ध नागपुरात लढल्या गेलेल्या लढाईचा इतिहास लिहायचा तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते.

औषध आलं ते १९३५ मध्ये. जर्मनीत गेऱ्हार्ट डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हे लाल रंगद्रव्य या जिवाणूवर चालतं हे जाहीर केलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी ते सूतिकाज्वराच्या बायकांना दिलं आणि मृत्यू उतरले. सल्फा औषधांचं युग असं एका बाळंतघरातून सुरू झालं.

घशाचा तपास या काळात निराळ्या वाटेने चालला होता. तो समजायला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली एक चकती जवळून पाहावी लागते. मेंढीचं रक्त मिसळलेलं, गर्द लाल, चकचकीत अगार काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत थिजवलेलं असतं. रुग्णाच्या टॉन्सिलवर फिरवलेला कापसाचा बोळा त्यावर टेकवतात, तारेच्या कडीने रेघोट्या ओढतात आणि बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी उघडली की लाल पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून गेलेलं एक स्वच्छ कडं. बशी उजेडासमोर धरली तर त्या कड्यातून पलीकडचा हात दिसतो. जिवाणूने तांबड्या पेशी फोडून खाल्ल्याची ही खूण.

पण अशी कडी करणारे जिवाणू अनेक होते. त्यांतला माणसाचा वैरी कोणता? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड या शास्त्रज्ञ बाईंनी हा गुंता सोडवला. जिवाणूंच्या भिंतीतल्या शर्करेवरून त्यांनी १९३३ मध्ये ए, बी, सी असे गट पाडले. माणसाच्या घशात दुखणं आणणारे जवळपास सगळे ए गटात निघाले. त्याच जिवाणूच्या अंगावरचं एम प्रथिनही त्यांनी ओळखलं. या एम प्रथिनाचे आज दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत आणि म्हणूनच या रोगावरची लस अजून हाती आलेली नाही.

आता प्रश्न होता मौनाचा. सांधे सुजलेल्या मुलाच्या रक्तात जिवाणू शोधायला जावं तर रक्त स्वच्छ. सुजलेल्या सांध्यातल्या पाण्यातही काही नाही. चोर घर सोडून कधीच निघून गेलेला. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ॲल्विन कोबर्न यांनी संधिवातज्वराच्या रुग्णांचे घसे महिनोन्‌महिने तपासत ठेवले आणि रोग उलटण्याच्या प्रत्येक वेळेआधी घशात हा जिवाणू येऊन गेल्याचं दाखवलं. १९३२ मध्ये एडगर टॉड यांनी चोराचा माग काढायची युक्ती दिली. जिवाणूच्या एका विषाविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती घसा बरा झाल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहतात. ती मोजायची. आज गल्लीतल्या लॅबमध्ये 'एएसओ टायटर' नावाने होते ती ही चाचणी. घसा विसरला तरी रक्त विसरत नाही, हे तिने दाखवलं आणि तीन आठवड्यांच्या त्या मौनाला पहिल्यांदा वाचा फुटली.

मौनाच्या काळात आत काय चालतं, ते नंतर उलगडलं. जिवाणूच्या एम प्रथिनाचे काही भाग हृदयातल्या आणि सांध्यांतल्या प्रथिनांशी मिळतेजुळते असतात. शरीर जिवाणूविरुद्ध फौज उभी करतं आणि काही मुलांत ती फौज चेहऱ्यातल्या साम्यामुळे आपल्याच हृदयावर चालून जाते. फौज उभी राहायला लागतात ते दोन-तीन आठवडे. सांध्यांवरची सूज ओसरते, मेंदूवर परिणाम झाला तर हातपाय आपोआप हलत राहतात आणि तेही थांबतं. हृदयाची झडप मात्र जाड होते, तिचे पडदे कडेने चिकटतात, आणि प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर नवी जखम होत जाते.

भारतात हे सगळं समजायला आणखी एक अडथळा होता, तो पाठ्यपुस्तकातला. संधिवातज्वर हा थंड, ओलसर मुलखाचा रोग आहे, उष्ण देशात तो होत नाही, असं इंग्रजी ग्रंथांत लिहिलेलं असे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपूरला मग त्याची काय भीती? १९३० नंतर लाहोर, मद्रास इथल्या भारतीय डॉक्टरांनी आपल्याच वॉर्डांतल्या नोंदींवरून हे खोडून काढायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनी पाहण्या केल्या. १९६३ मध्ये एम्सचे डॉ. सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की इथे रोग आहे एवढंच नव्हे, तो अधिक निर्दय आहे. पाश्चात्त्य देशांत चाळिशीत दिसणारी चिकटलेली झडप भारतात वीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींत सापडते.

थंडीपेक्षा या जिवाणूला गर्दी प्रिय. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि नागपूर गिरणगाव बनत गेलं. कापसाच्या जोरावर शहर वाढलं, कामगारांच्या वस्त्या वाढल्या, एका खोलीत सहा-सात माणसं शेजारी शेजारी झोपू लागली. लोकांच्या झोपण्यातल्या या अंतराचा पुढे अमेरिकेत शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. वायोमिंग राज्यातल्या वॉरन हवाई तळावर बराकीत राहणाऱ्या जवानांत घशाची साथ सतत धुमसत असे. चार्ल्स रॅमलकॅम्प यांच्या चमूला दिसलं, की खाटा जितक्या जवळ तितका प्रसार जास्त. जवानांच्या दूषित पांघरुणांनी रोग पसरत नव्हता, जवळच्या श्वासाने पसरत होता. युरोप-अमेरिकेत हा रोग ओसरायला लागला तो औषध येण्याच्या आधीपासून, घरं मोठी झाली तेव्हापासून.

त्याच तळावर १९५० च्या सुमारास निर्णायक प्रयोग झाला. घसा दुखत असलेल्या सुमारे आठशे जवानांना पेनिसिलिन दिलं, तितक्याच जणांना दिलं नाही. न दिलेल्यांत १७ जणांना संधिवातज्वर झाला. दिलेल्यांत दोघांना. औषध घशाच्या पहिल्या नऊ दिवसांत दिलं, तर हृदयाची वाट तिथेच अडवता येते हे सिद्ध झालं.

पेनिसिलिनने या जिवाणूशी आपलं नातं आधीच जमवलं होतं. मार्च १९४२ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन इथे गर्भपातानंतर रक्तात हाच जिवाणू पसरून मरणाच्या दारात पोचलेल्या ॲन मिलर यांना ते दिलं गेलं. ताप उतरला आणि त्या १९९९ पर्यंत जगल्या. महाराष्ट्रात या औषधाची पहिली मोठी आठवण मात्र दुःखाची आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असलेल्या कस्तुरबा न्यूमोनियाने अत्यवस्थ होत्या. कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणवलं गेलं. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर तिथेच होते. इंजेक्शन दर काही तासांनी टोचावं लागणार हे कळल्यावर गांधीजींनी, आता तिला त्रास नको, असं मुलगा देवदास यांना समजावलं. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. देशात त्या काळी हे औषध इतकं दुर्मिळ, की कुपीसाठी विमान लागायचं. त्याच सुशीला नय्यर यांनी पुढे १९६९ मध्ये नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभारली. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात तेच औषध मागाल तेव्हा मिळणारं झालं होतं.

मधल्या काळात हे कसं घडलं, तर पिंपरीमुळे. औषधं देशातच, सरकारी कारखान्यात बनली पाहिजेत असा आग्रह हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी धरत होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. पुणेकरांच्या तोंडी ती 'पेनिसिलिन फॅक्टरी'च होती. फाळणीनंतरच्या निर्वासितांची वसाहत असलेलं पिंपरी पुढे उद्योगनगरी झालं, त्याची सुरुवात या कारखान्याने केली. विदर्भातल्या तालुक्याच्या दवाखान्यात पोचलेल्या कुपीमागे ही गोष्ट आहे.

ज्यांची झडप आधीच चिकटली होती त्यांच्यासाठी शल्यविशारदांनी बोट वापरलं, अक्षरशः बोट. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सूटर यांनी धडधडणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात तर्जनी घालून एका तरुणीची झडप मोकळी केली. ती मुलगी जगली, पण डॉक्टरमंडळी बिचकली आणि पुढची वीस-बावीस वर्षं तो मार्ग बंदच राहिला. १९४८ नंतर तो पुन्हा खुला झाला. १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी या शस्त्रक्रिया केल्या. १९८४ मध्ये जपानच्या कांजी इनोए यांनी मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली भारतीय कृत्रिम झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली. सातव्या महिन्यात मेडिकलला आलेल्या त्या बाईसारख्या रुग्णांना आज फुग्याचा उपाय बाळंतपणाआधीही करता येतो.

हे सगळं हाताशी असूनही हा रोग विदर्भातून गेलेला नाही, आणि त्याची कारणं प्रयोगशाळेत शोधून सापडणार नाहीत. घशाच्या गोळ्या दहा दिवस घ्यायच्या असतात, तिसऱ्या दिवशी मूल जेवायला लागलं की उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. उलट, विषाणूच्या साध्या पडशाला औषधाच्या दुकानातून जिवाणूविरोधी गोळ्या आणून दिल्या जातात. खरं पाहता सगळ्या जगात नवनवी औषधं निकामी होत असताना हा जिवाणू आजतागायत पेनिसिलिनला शरण आहे. सत्तर-ऐंशी वर्षांत त्याला या औषधाविरुद्ध उपाय सापडलेला नाही. इतक्या जुन्या, इतक्या स्वस्त औषधाने जो हमखास मरतो, त्याने आजही मुलांची हृदयं वेचून वेचून जायबंदी करावीत, ही गोष्ट सहन होण्याजोगी नाही.

आणि स्वस्त असणंच या औषधाच्या मुळावर आलं. चीनच्या स्वस्त मालापुढे भारतातले पेनिसिलिनचे मोठे कारखाने एकामागून एक थंडावले, नफा नसल्यामुळे कोणी नवे काढले नाहीत. जगभर पेनिसिलिनच्या इंजेक्शनचा तुटवडा वारंवार पडू लागला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या हृदयरोगाविरुद्ध ठराव केला, त्यात पेनिसिलिनच्या पुरवठ्याचा मुद्दा होता. २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा नवा कारखाना सुरू झाला, तेव्हा देश सुमारे तीस वर्षांनी पुन्हा हे काम करू लागला होता.

ज्याला एकदा संधिवातज्वर होऊन गेला, त्याला पुन्हा घसा धरता कामा नये. त्यासाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घ्यावं लागतं, पंचविशीपर्यंत, झडप बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. जुन्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या तोंडी ते 'पेनिड्युर'. कुपीत पांढरी भुकटी असते, १२ लाख युनिट. त्यात पाणी घालून कुपी तळहातांत घोळवली की ताकासारखं दाट, पांढरं औषध तयार होतं. दाट असल्यामुळे बारीक सुईत ते अडकतं, म्हणून जाड सुई लागते. आधी थोडंसं टोचून चाचणी घेतात, थांबतात, मग कमरेच्या स्नायूत सावकाश सोडतात. दुखतं, आणि बराच वेळ दुखतं. रिॲक्शनच्या धास्तीने काही खासगी दवाखाने ते द्यायचं टाळतात, म्हणून मुलाला पुन्हा एसटीत बसवून तालुक्याला किंवा मेडिकललाच आणावं लागतं. पेरणीच्या दिवसांत एक फेरी चुकते, दिवाळीत दुसरी.

ही चुकलेली फेरीही मौनच असते. त्या दिवशी काहीच होत नाही, पुढच्या महिन्यातही होत नाही.

मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शनच्या रांगेत दहा-बारा वर्षांची मुलं बसलेली असतात, शेजारी आई किंवा आजी, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड. कोपरे झिजलेलं, घडीवर फाटायला आलेलं. आत तारखांचा एक लांब रकाना. इंजेक्शन झालं की परिचारिका भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून एकवीस दिवस मोजते, कार्डावर पुढची तारीख लिहिते आणि कार्ड परत देण्याआधी ती तारीख आजीकडून मोठ्याने वदवून घेते.